अधिसूचना शनिवारी रात्री आली तर: सांगलीच्या माल टर्मिनलची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुपवाड एमआयडीसीत साठवण, पॅकिंग आणि कंटेनर भरण्याची सोय असलेलं टर्मिनल आहे. हळद, बेदाणा, गूळ, हंगामात द्राक्षं आणि आसपासच्या फाउंड्रींचं कास्टिंग इथून न्हावा शेवा बंदराला जातं. निर्यातीचा किंवा सीमाशुल्काचा नियम एकाएकी बदलला की दोन दिवस सगळ्यांची तारांबळ उडते. ती उडू नये म्हणून टर्मिनलनं आधी काय करून ठेवावं?

बहुतेक ठिकाणी तयारी म्हणजे बातमी लवकर कळण्याची सोय, असं धरून चालतात. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक सीएचए (सीमाशुल्काची कागदपत्रं करणारा एजंट), झालं. पण बातमी अर्धा तास आधी कळून फारसं काही हाती लागत नाही. अधिसूचना निघाली त्या मिनिटाला तुमचा प्रत्येक कंटेनर कायद्याच्या नजरेत कुठल्या टप्प्यावर होता आणि ते तुम्हाला कागदावर दाखवता येतं का, यावर सगळं ठरतं. बाकीची तयारी या दोन गोष्टींच्या मागून येते.

आधी टप्पे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १६ प्रमाणे निर्यात शुल्काचा दर ठरतो तो अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो त्या तारखेला, म्हणजे ज्याला आपण एलईओ म्हणतो त्या तारखेला. शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्काकडचा अर्ज) कधी भरलं, गाडी कधी निघाली, याला दराच्या बाबतीत किंमत नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं ते त्याच दिवसापासून. ज्यांचं शिपिंग बिल भरलेलं होतं पण एलईओ मिळालेला नव्हता, ते कलमाप्रमाणे शुल्काच्या बाजूला पडले.

बंदी किंवा निर्बंध आला की रेषा वेगळ्या जागी ओढली जाते, आणि ती प्रत्येक वेळी एकाच जागी नसते. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात थांबली. चारच दिवसांनी खुलासा आला की १३ मे पर्यंत जो माल तपासणीसाठी सीमाशुल्काच्या ताब्यात दिला गेला आणि त्यांच्या प्रणालीत नोंदला गेला, तो जाऊ शकतो. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ थांबला, तेव्हा अधिसूचनेतच सवलती होत्या: जहाजावर माल चढायला सुरुवात झालेली असणं, किंवा शिपिंग बिल भरलेलं असून जहाज बंदरात येऊन त्याला रोटेशन नंबर (जहाजाच्या त्या फेरीचा नोंदणी क्रमांक) मिळालेला असणं, किंवा माल सीमाशुल्काच्या हद्दीत शिरून तशी नोंद तारीख-वेळेसह असणं. पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागलं, तेव्हा बंदरात पडून असलेल्या, एलईओ न मिळालेल्या मालाला सूट मिळाली ती २५ ऑगस्टच्या आधीची वैध एलसी (बँकेचं पतपत्र) असेल तरच. म्हणजे कधी गेटची वेळ कामाला येते, कधी जहाजाची, कधी बँकेचा कागद. कुठला लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तिन्ही तयार हवेत.

आता कुपवाडची खरी अडचण. तुमची जागा सीमाशुल्क क्षेत्र म्हणून अधिसूचित नसेल, तर इथं भरून ई-सील (आरएफआयडी चिप असलेलं सील) लावलेला कंटेनर हा सीमाशुल्काच्या ताब्यात दिलेला माल ठरत नाही. आरएफआयडी सीलवर तारीख-वेळ असते, ती निर्यातदारानं स्वतः केलेल्या सीलिंगची. ताबा होतो न्हावा शेव्याला. सांगलीहून पेठ नाका, सातारा, खंबाटकी, पुणे, पनवेल असा हा साधारण चारशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं मधला पट्टा. या पट्ट्यात असलेल्या कंटेनरला बहुतेक सवलती लागू होत नाहीत. नाजूक मालाच्या काळात, म्हणजे ज्या वस्तूच्या भावावरून दिल्लीत कुरबूर सुरू आहे अशा वेळी, या पट्ट्यात एका वेळी किती कंटेनर ठेवायचे याला मर्यादा घाला. सगळे एकाच रात्री सोडण्यापेक्षा जहाजाच्या कट-ऑफकडे बघून टप्प्याटप्प्यानं सोडणं बरं. डायरेक्ट पोर्ट एंट्रीची परवानगी असलेल्या निर्यातदाराचा माल मध्ये कुठल्या सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाला) न थांबता पुढे सरकतो, तो पट्टा त्यांच्यासाठी आखूड होतो. तुमच्या मोठ्या निर्यातदारांकडे ती परवानगी आहे का ते विचारा. नसेल तर आत्ताच अर्ज करायला लावा, हंगामात कुणाला सवड नसते.

नोंदवहीचं बोलू. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक साधी स्प्रेडशीट पुरते, पण ती प्रत्येक कंटेनरमागे एक ओळ आणि प्रत्येक टप्प्यामागे एक रकाना अशी हवी: माल आत आला, भरून झाला, ई-सील लागलं, गेटबाहेर पडला, बंदराबाहेरच्या पार्किंग प्लाझात पोचला, बंदराच्या गेटमधून आत गेला, माल सीमाशुल्कात नोंदला गेला, एलईओ मिळाला, जहाजावर चढला. प्रत्येक रकान्यात तारीख, वेळ आणि पुराव्याचा फाइल नंबर. पुरावा म्हणजे वजनकाट्याची पावती, व्हीजीएमची (भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित वजनाची) स्लिप, ई-सीलचा डेटा, गाडीचा जीपीएस लॉग, फास्टॅगचा टोल तपशील, फॉर्म १३ (कंटेनर बंदरात आत नेण्याचा परवाना), गेट-इनची पावती, एलईओची प्रत. ही कागदपत्रं त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवायची. नंतर मागितली की सीएचएच्या माणसाच्या मोबाइलमधला अर्धा कापलेला फोटो मिळतो आणि त्यावर नेमकी वेळ दिसत नाही.

इथं एक बारीक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: वजनकाट्याच्या केबिनमधल्या संगणकाचं घड्याळ. तो संगणक जुना असतो, मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी उतरलेली असते, इंटरनेट नसतं, आणि लाइट गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसतं. ऑपरेटर हातानं तारीख दुरुस्त करतो, वेळ मात्र अंदाजानं टाकतो. मग काट्याची पावती सांगते ७:४०, गेटचा सीसीटीव्ही सांगतो ८:१२ आणि जीपीएस म्हणतो ७:५५. तीन कागद तीन वेळा सांगायला लागले की अधिकारी तिन्ही बाजूला सारतो. बॅटरी पन्नास-शंभर रुपयांची. ती बदला, काटा, गेट, सीसीटीव्ही आणि ऑफिस या चारही ठिकाणची घड्याळं इंटरनेटच्या वेळेला जुळवा, आणि दर सोमवारी तपासल्याची सही घ्या.

मिनिटं एवढी कशाला मोजायची, असं वाटत असेल तर जी. एस. चठ्ठा राइस मिल्सचा निकाल बघा. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना निघाली. ती ई-राजपत्रात चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्या आधी, अटारी सीमेवर ज्यांची बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा सीमाशुल्काकडचा अर्ज) भरून झाली होती त्यांनाही नवा दर लावायचं सरकारचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. अधिसूचना राजपत्रात चढल्याच्या वेळेपासून लागू, दिवसाच्या सुरुवातीपासून नाही. ज्यांच्याकडे वेळेची नोंद पक्की होती त्यांनाच या निकालाचा फायदा घेता येतो.

तो १६ फेब्रुवारी शनिवार होता. कांद्याच्या शुल्काचा १९ ऑगस्ट २०२३, कांद्यावर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं तो २८ ऑक्टोबर २०२३, कांद्याची बंदी उठवून ५५० डॉलरचं मूल्य लावलं तो ४ मे २०२४, हे सगळे शनिवार. गहू थांबला तो शुक्रवार. त्यामुळे शनिवारी दुपारनंतर ऑफिसला कुलूप लावून जाणारं टर्मिनल नेमकं नको तेव्हा आंधळं असतं. शनिवार-रविवारसाठी पाळीनं एक माणूस ठरवा. त्यानं रात्री ९ आणि सकाळी ७ ला ई-राजपत्र, डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय) आणि सीबीआयसी (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ) या तीन संकेतस्थळांवर नजर टाकायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याच्याकडे सीएचए, वाहतूकदार, मुकादम आणि मालक यांचे नंबर, आणि गाड्या थांबवायचा अधिकार, दोन्ही हवेत. नंबर असतात, अधिकार नसतो, आणि मालक लग्नाला गेलेले असतात.

अधिसूचना वाचायचीही एक पद्धत आहे. आधी कुणी काढली ते बघा. डीजीएफटीची असेल तर माल मुक्त, निर्बंधित की प्रतिबंधित, किंवा किमान मूल्य, असा धोरणाचा बदल असतो. महसूल विभागाची असेल तर दराचा. मग कागदाचा प्रकार: अधिसूचनेनं कायदा बदलतो, ट्रेड नोटिस बहुतेक वेळा माहिती देते किंवा प्रक्रिया सांगते. ट्रेड नोटिस पाहून गाड्या परत फिरवणारे कमी नाहीत. त्यानंतर एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आठ अंकांपर्यंत, मग लागू तारीख, आणि शेवटी संक्रमण तरतूद. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ प्रमाणे, मुक्त असलेल्या मालावर नंतर निर्बंध आला तर आधी उघडलेल्या अपरिवर्तनीय एलसीवरचा माल तिच्या मूळ मुदतीत सहसा जाऊ शकतो, मात्र ती एलसी निर्बंध आल्यापासून १५ दिवसांत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवावी लागते. 'ही तरतूद लागू होणार नाही' असं एक वाक्य पुष्कळदा अधिसूचनेतच असतं, आणि ते तळाशी असतं. तळापर्यंत वाचा.

आठ अंक का, तर आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात निर्बंधित झाली ती कच्ची, पांढरी आणि शुद्ध साखर यांच्यासाठी. गूळही १७०१ याच शीर्षाखाली येतो, पण तो त्या निर्बंधात नव्हता. ज्याच्या यादीत चारच अंक लिहिलेले असतील तो मार्केट यार्डातून आलेला गुळाचा कंटेनर विनाकारण अडवून बसेल. हळदीचंही तसंच: ०९१० ३० च्या आत ओली, सुकी आणि पूड वेगवेगळ्या ओळींत आहेत. द्राक्ष ०८०६ १०, बेदाणा ०८०६ २०. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मालाची आठ अंकी यादी करा, निर्यातदाराकडून सहीनं पक्की करून घ्या, आणि दर किंवा धोरण बदललं की जुनी ओळ खोडू नका. तिला 'पर्यंत' तारीख टाका आणि नवी ओळ 'पासून' तारखेनं सुरू करा. आठ महिन्यांनी लेखापरीक्षणात कुणी विचारलं की त्या दिवशी काय दर होता, तर उत्तर तिथं सापडतं.

आता अधिसूचना आली त्या रात्रीचं. पहिला निर्णय एकच: धावायचं की थांबायचं. अधिसूचना तत्काळ लागू असेल तर रस्त्यावरच्या गाड्यांना 'पळवा' म्हणून सांगण्यात अर्थ नाही; रेषा मागे पडलेली असते, घाटात अपघात मात्र होऊ शकतो. लागू व्हायला मधे वेळ असेल तर धावण्यात अर्थ आहे. अमेरिकेनं भारतीय मालावर लावलेलं जादा २५ टक्के शुल्क २७ ऑगस्ट २०२५ ला लागू झालं, पण त्या दिवशी त्यांच्या वेळेनुसार मध्यरात्री १२:०१ च्या आधी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरपूर्वी तिकडे दाखल होणाऱ्या मालाला सूट होती. तिथं रेषा 'जहाजावर चढण्याची' होती. अशा वेळी बंदराच्या गेटच्या वेळेनं काम भागत नाही, ऑन-बोर्ड बिल ऑफ लेडिंगच (माल जहाजावर चढल्याची शिपिंग लाइनची पावती) लागतं. फाउंड्रीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं: नियम समुद्रापलीकडेही बदलतो, आणि तो आपल्या राजपत्रात दिसत नाही.

थांबायचं ठरलं तर वाहतूकदाराला फोन एकाच माणसानं करायचा, लेखी मेसेजसह. गाडी साताऱ्याच्या अलीकडे असेल तर परत बोलवा. पुण्याच्या पुढे गेली असेल तर पनवेल बाजूच्या ठरलेल्या यार्डात उभी करा, कारण चार दिवसांत सवलतीचा खुलासा येण्याची शक्यता असते आणि मग बंदराजवळ असणं सोयीचं पडतं. त्या यार्डाशी दर आधी ठरवलेला हवा. अडल्यावर विचारलं की दर दुप्पट होतो. ई-सील कुणीही तोडायचं नाही. तोडलं की मालाची साखळी तुटली, आणि खुलासा आला तरी तो कंटेनर पुन्हा पहिल्यापासून.

रीफर (शीत कंटेनर) असेल तर घड्याळ वेगळं चालतं. द्राक्षं शून्याच्या आसपास, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. गाडी उभी असताना जनरेटर सेट तासाला साधारण तीन लिटर डिझेल खातो, म्हणजे दिवसाला सत्तरेक लिटर; ड्रायव्हरजवळ तेवढे पैसे किंवा कार्ड आहे का? टर्मिनलवर परत आणणार असाल तर ४४० व्होल्ट थ्री-फेज, ३२ अँपियरचे चार पिनांचे सॉकेट किती आहेत ते मोजा. ट्रान्सफॉर्मरवरचा भार धरताना तापमान खाली ओढतानाचा आकडा धरा, साधारण १० ते १२ किलोवॉट प्रति कंटेनर. तापमान धरल्यावर तो निम्म्याहून खाली येतो म्हणून त्यावर हिशोब केला, तर सहा रीफर एकदम लावल्यावर ब्रेकर पडतो. आणि द्राक्षाच्या पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड आधीच काम करू लागलेला असतो, त्याची ताकद दिवसागणिक कमी होते. द्राक्षाला 'बघू पुढच्या आठवड्यात' चालत नाही. स्थानिक बाजार की वाट बघायची, हा निर्णय २४ तासांत मालकाकडून लेखी घ्या.

बेदाणा आणि हळद दम धरतात, पण कंटेनरमध्ये नाही. उन्हात उभ्या कोरड्या कंटेनरमध्ये दिवसा आतली हवा तापते, रात्री छताला पाणी धरतं आणि ते वरच्या थरावर ठिबकतं. हळद साधारण १० टक्के ओलाव्यावर भरलेली असली तरी वरच्या दोन थरांना बुरशी धरू शकते. म्हणून आठवड्यापेक्षा जास्त थांबायची चिन्हं असतील तर माल खाली उतरवून घ्यावा, बेदाणा सरळ शीतगृहात. त्यासाठी जागा किती ठेवायची याचा हिशोब सोपा आहे. ४० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ६७ घनमीटर जागा असते, २० फुटीत ३३. गोदामात थप्पी दोन मीटर उंच लावली तर ४० फुटीच्या मालाला ३३ चौरस मीटर, वर गल्ली आणि हाताळणीसाठी दीडपट धरली की पन्नास चौरस मीटर. मधल्या पट्ट्यात एका वेळी सहा ४० फुटी असतील तर तीनशे चौरस मीटर मोकळे हवेत. मार्चमध्ये एवढी जागा कुणी रिकामी ठेवत नाही, हे खरं. मग शेजारच्या गोदामाशी 'दोन दिवसांच्या सूचनेवर' असा करार करून ठेवा. माथाडी टोळीचंही तसंच. रविवारी उतराई करायची तर मुकादमाशी जादा दर आधी बोललेला हवा.

बंदराच्या आत गेलेला माल परत आणायचा तर बॅक टू टाउनची परवानगी लागते. शिपिंग बिल रद्द करणं, कंटेनर बाहेर काढणं, शिपिंग लाइनला रिकामा कंटेनर परत करणं, जीएसटी आणि आयजीएसटी परताव्याच्या नोंदी उलट फिरवणं, हे सगळं सीएचएकडून होतं. पण त्याचा अर्जाचा मसुदा आणि निर्यातदाराचं अधिकारपत्र आधीपासून फाइलला असेल तर दोन-तीन दिवस वाचतात. त्या दिवसांचं डिटेन्शन (कंटेनर अडवल्याचा आकार) आणि ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) टप्प्याटप्प्यानं चढत जातं.

आयातीबद्दल थोडंच, कारण तुमच्याकडे ती कमी आहे. बिल ऑफ एन्ट्री आगाऊ भरली म्हणून जुना दर पक्का होत नाही. कलम १५ प्रमाणे अशा वेळी जहाजाला आत येण्याची परवानगी मिळते तोच दिवस धरला जातो. बाँडेड गोदामात माल ठेवला तर शुल्क पुढं ढकललं जातं, पण दर लागतो तो बाहेर काढण्यासाठी बिल भरल्याच्या दिवसाचा. बाँडला विमा समजू नका. आणि जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरलं नाही, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढं रोज १०,००० रुपये विलंब आकार.

खर्च कुणाचा, हे भांडण त्या रात्री नको. टर्मिनलच्या पावतीमागे किंवा वार्षिक करारात तीन ओळी घाला: सरकारी नियम बदलल्यामुळे परत आलेल्या मालाची उतराई, साठवण आणि वीज कुणाच्या खात्यावर, किती दिवसांनी टर्मिनल माल हलवू शकतं, आणि निर्णय देण्याचा अधिकार निर्यातदाराच्या कुठल्या माणसाला. विम्यावर विसंबू नका. सागरी मालविम्याच्या 'ए' कलमांतसुद्धा उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, त्यामुळे बंदरात अडकून सडलेल्या द्राक्षाचा दावा बहुधा फेटाळला जातो. निर्यातदाराला हे भरण्याआधी सांगा, पोचपावतीसह.

सराव करायचा तर डिसेंबरमध्ये, द्राक्षं सुरू व्हायच्या आधी. सीएचएकडून एक खोटी अधिसूचना बनवून घ्या, शनिवारी संध्याकाळी पाळीच्या माणसाला पाठवा आणि त्याच्याकडून तासाभरात एकच कागद मागा: सगळ्या कंटेनरची यादी, प्रत्येकाचा टप्पा, वेळ, पुराव्याचा नंबर. बहुतेक टर्मिनलवर पहिल्या वेळी पार्किंग प्लाझा आणि गेट-इन हे दोन रकाने कोरे येतात, कारण ती माहिती ड्रायव्हरकडे किंवा सीएचएच्या न्हावा शेव्यातल्या पोराकडे असते. त्या पोराचा नंबर, आणि तो सुट्टीवर असेल तेव्हाच्या दुसऱ्याचा नंबर, पाळीच्या माणसाच्या टेबलावर चिकटवून ठेवा.